विळा कोणत्या हातात?

नोकरीच्या शेवटच्या बारा-तेरा वर्षांत माझ्याकडे लकव्याचा रुग्ण आला की मी आधी एकच विचारायचे, "विळा कोणत्या हातात धरता?" नवे डॉक्टर हसायचे. एकाने तर तोंडावर विचारलं, "मॅडम, दवाखाना आहे की सुगी?" मी म्हटलं, "तुम्ही गोळ्या लिहा, मला माझं काम करू द्या." माझा स्वभाव तिखट, हे आमच्या दवाखान्यात शिपायापासून सर्जनपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. पण तो प्रश्न तिखटपणातून आलेला नव्हता. तो माझ्या एका चुकीतून आला होता, आणि ती चूक मी आजवर कुठे लिहिलेली नाही.

मी फिजिओथेरपिस्ट. मूळची घाटनांदूरची. तालुक्याच्या एका सरकारी दवाखान्यात एकोणतीस वर्षं काढली. लोकांच्या लेखी मी 'मालिशवाली बाई'. पहिली काही वर्षं त्याचा राग यायचा, मग सोडून दिलं. आमचं काम म्हणजे काय, तर डॉक्टरांनी जीव वाचवला की त्या माणसाला पुन्हा घास घ्यायला, गुंडी लावायला, चार पावलं टाकायला शिकवायचं. प्रत्येकाची मागणी वेगळी. मांजरसुंब्याचे हनीफभाई ट्रक चालवायचे, त्यांचा डावा हात गेला. मी खांद्यापासून सुरुवात केली तर म्हणाले, "मॅडम, खांदा ऱ्हाऊ द्या, मला फकस्त गिअरपुरता हात द्या." एका आजींना तंबाखू मळण्यापुरता अंगठा हवा होता. दोघांनाही दिला. आजींना देताना जरा जिवावर आलं.

रंगनाथ नाना आले ते दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात. कपिलधारला नेहमी धो धो पडणारी धबधब्याची धार त्या वर्षी मनगटाएवढीही उरली नव्हती. नानांचं गाव डोंगराच्या कडेला. नाव सांगत नाही, माणसं अजून नांदती आहेत तिथे. नाना गावच्या सहकारी दूध संस्थेचे अध्यक्ष. दूध आटलं होतं, पण संस्थेच्या शेडसमोर जनावरांची छावणी लागली होती. आसपासच्या तीन गावांची गुरं तिथे दावणीला होती आणि टँकर कधीमधी यायचा, बाकी त्यांच्या पिण्याची सगळी भिस्त संस्थेच्या एका विहिरीवर. त्या विहिरीच्या मोटारीच्या खोलीला कुलूप, आणि कुलपाची किल्ली नानांच्या करदोऱ्याला. अंगावरून वारं गेलं त्या दिवशीही ती तिथेच होती. व्यायाम देताना ती मला टोचायची. सिस्टरने काढायला हात घातला तर नाना असे गुरगुरले की ती मागेच सरली.

नानांची डावी बाजू गेली होती. तोंड वाकडं झालेलं, जिभेला जडपणा, बोलायला गेलं की नुसती घरघर. सोबत बायको, मुक्ताकाकू. काटक, कमी बोलणाऱ्या. केसपेपर भरताना मी नेहमीचा प्रश्न विचारला, "नाना लिहितात कोणत्या हाताने?"

"उजव्याच की," काकू म्हणाल्या.

मी 'उजवा' लिहिलं. चुकीची सुरुवात तिथेच झाली.

आता थोडं मेंदूचं सांगते, कंटाळू नका. मेंदूचे दोन भाग, आणि कारभार उलटापालटा. डावा भाग उजवा हात चालवतो, उजवा भाग डावा. पण हात हलवणं वेगळं आणि हाताचं कसब वेगळं. राम राम कसा घालायचा, फणी कशी फिरवायची, लांबच्याला खुणेने कसं बोलवायचं, हे जे आपण विचार न करता करतो त्याचं ज्ञान बहुतेकांच्या मेंदूत डाव्या भागात असतं. बोलणं आणि लिहिणंही तिथेच. दोन्ही हात ते कसब तिथूनच घेतात. नानांचा इजा झालेला भाग होता उजवा. म्हणजे माझ्या पुस्तकी हिशेबाने त्यांचा चांगला उरलेला उजवा हात सांगेल ते बिनचूक करायला हवा होता. नाही केलं, तर एकच अर्थ निघत होता, की सांगितलेलं त्यांना समजतच नाही.

नानांना येऊन तीन आठवडे होत आले तेव्हा, एका मंगळवारी मी त्यांची तपासणी केली. दारात संस्थेचे उपाध्यक्ष विक्रमराव उभे होते. गावातले मोठे बागायतदार. येताना नानांसाठी पिशवीभर मोसंबी घेऊन आलेले. फळं लिंबाएवढी, सुरकुतलेली. "बागेतलं शेवटचं हाय मॅडम," ते म्हणाले. "लेकरावानी वाढवलीत झाडं. धा वर्षांची बाग डोळ्यादेखत चाललीय." माणूस वाईट नव्हता हो. त्याला पाणी हवं होतं, आणि पाण्याची किल्ली नानांच्या कमरेला होती.

"नाना, राम राम करून दाखवा," मी म्हटलं.

नानांचा उजवा हात उठला, छातीपाशी आला, घुटमळला आणि त्यांनी स्वतःचा कान धरला.

"मला इकडे या म्हणून खूण करा."

मूठ वळली आणि तशीच राहिली.

फणी हातात दिली. ती त्यांनी उलटी धरून ओठाला लावली. मान डोलवा म्हटलं, तर जीभ बाहेर आली. नानांच्या कपाळावर घाम होता आणि डोळे माझ्यावर रोखलेले. त्या डोळ्यांकडे मी नीट पाहायला हवं होतं. माझ्यापुढे अजून नऊ रुग्ण होते. मी केसपेपरवर तीन शब्द लिहिले, 'सूचना समजत नाहीत.'

त्या तीन शब्दांवरून डॉक्टरांनी दाखला दिला, की अध्यक्ष कामकाज पाहण्यास असमर्थ आहेत. विक्रमरावांनी तो घडी करून खिशात ठेवला. गुरुवारी अकराला संस्थेची विशेष सभा होती. ठराव एवढाच, की अध्यक्षांचे अधिकार उपाध्यक्षांकडे द्यावेत. म्हणजे किल्ली त्यांच्याकडे. "येतो नाना," म्हणून ते वळले, तसा नानांचा उजवा हात अलगद कपाळाकडे गेला. व्यवस्थित राम राम. मी तो पाहिला. सवयीने झालं असेल, म्हणून सोडून दिला.

काकूंनी मला जिन्यात गाठलं. "मॅडम, त्येंला समजतं वो समदं. म्हशीचं नाव काढलं की डोळ्याला पानी येतं."

"काकू, घरच्यांना तसं वाटतं," मी म्हटलं. किती वेळा म्हटलंय मी हे वाक्य आयुष्यात! आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

गुरुवारी सकाळी नऊच्या सुमारास मी नानांचे हात घेऊन बसले होते. लुळ्या डाव्या हाताची बोटं एकेक करून उघडत होते. तळव्याला निबर घट्टे. म्हटलं, कष्टाचा हात. मग उजवा घेतला. त्याचा तळवा त्या मानाने मऊ, आणि करंगळीवर, तिच्या शेजारच्या बोटावर, मागच्या बाजूला आडवे वण. जुने, पांढरे, एकाखाली एक सात-आठ.

आमच्याकडे शेतात राबलेल्या कुणालाही हे वण ओळखू येतील. बाजरी कापताना एका हातात विळा असतो आणि दुसऱ्या हातात कणसाच्या ताटांची मूठ. विळा निसटला की तो मूठ धरलेल्या हाताला लागतो. म्हणून वण नेहमी डाव्या हातावर असतात. माझ्या आईच्या होते, मावशीच्या होते. नानांचे उजव्यावर होते.

हात तसाच धरून मी काकूंकडे वळले.

"काकू, नाना विळा कोणत्या हातात धरतात?"

"डाव्या," काकू सहज म्हणाल्या. "लोहाराकून येगळा करून घ्यावा लागतो, उलट्या दात्याचा."

"दगड कोणत्या हाताने मारतात? म्हशीची धार? कुऱ्हाड?"

"समदं डाव्यानंच. डावरेच हायत ते पहिल्यापून."

"मग मला उजवा का सांगितलात?" मी जवळजवळ ओरडलेच.

"तुमी लिवायचं इचारलं की वो! लिवायचं अन् जेवायचं तेवढं उजव्यानं. शाळंत मास्तरानं डावा हात बाकाला बांधून लिवायला शिकिवलं त्येंला."

चूक त्यांची नव्हतीच. मी विचारलं तेवढ्याचं उत्तर त्यांनी दिलं. आमच्या कॉलेजात एक म्हातारे सर होते. ते सांगायचे, डावखुऱ्याच्या मेंदूत सामानाची मांडणी वेगळी असू शकते. सगळ्यांची तशी नसते, पण काहींची असते. बोलणं-लिहिणं एका भागात आणि हाताचं कसब दुसऱ्या. मास्तरांनी नानांची पाटी-पेन्सिल उजव्या हातात दिली होती, पण राम राम, फणी, विळा हे सगळं मेंदूच्या उजव्या भागातच राहिलं होतं. आणि इजा झाली ती नेमकी तिथे. चांगला हात धडधाकट होता, त्याला वाट सांगणाराच गेला होता. आणि जीभ जड. पेन मागायचं तर खूण करावी लागते, आणि खूण तर जमत नव्हती. तीन आठवडे हा माणूस आत पूर्ण जागा होता आणि आम्ही त्याच्यादेखत त्याच्याबद्दल बोलत होतो.

मी केसपेपर उलटा केला, खाली पॅड ठेवलं आणि पेन्सिल त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांत बसवली. "नाना, लिहा," एवढंच म्हटलं.

पेन्सिल कागदावर टेकली. मग अक्षरं आली, हळू, पण शाळेतल्या कित्त्यासारखी गोल. 'सगळं समजतं. हात ऐकत नाही.'

काकूंना वाचता येत नव्हतं. मी मोठ्याने वाचलं. नाना लिहीतच होते. 'सभा कधी?'

"आजच. अकराला."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेनऊ. खाली लिहिलं, 'चला.'

डॉक्टर शिबिराला गेलेले, फोन लागेना. दाखला मागे घेणं माझ्या हातात नव्हतं आणि रुग्णाला असं नेणं कुठल्याच नियमात बसत नव्हतं. सिस्टर म्हणाली, "मॅडम, नोकरी जाईल." मी म्हटलं, "जाऊ दे, तू फक्त बीपी बघून सांग." बीपी ठीक होतं. फाटकातून पाण्याचा टँकर बाहेर पडत होता. ड्रायव्हर कोण, तर आमचे हनीफभाई! ट्रक सोडून दुष्काळभर टँकर चालवत होते आणि त्यांना त्या छावणीवरच जायचं होतं. नानांना उचलून केबिनमध्ये बसवलं, एका बाजूला काकू, दुसऱ्या बाजूला मी. रस्ता असा, की दर खड्ड्याला माझा जीव वर यायचा. वाटेत काही झालं असतं तर मला तोंड दाखवायला जागा नव्हती. "मॅडम, गिअर बघा कसा पडतोय," हनीफभाई म्हणाले. मी त्यांच्यावर खेकसले, "गप रस्त्यावर बघा!"

पोचलो तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. विहिरीपर्यंत काळा पाइप आधीच अंथरून ठेवलेला दिसला. बागेकडून आलेला. नानांनीही तो पाहिला. शेडमध्ये माणसं दाटीवाटीने बसली होती, बाहेर गुरं हंबरत होती, आणि विक्रमराव दाखला वाचून दाखवत होते. माझेच शब्द माझ्या कानावर पडले, "सूचना समजत नाहीत."

आम्ही नानांना बाहेरच्या एका खुर्चीत बसवून खुर्चीसकट आत नेलं. माणसं उभी राहिली. विक्रमराव क्षणभर चपापले, मग सावरले. ते मंगळवारी दारातच होते, सांगितल्यावर नानांना राम राम जमत नाही हे त्यांनी पाहिलं होतं.

"बरं झालं नाना आले," ते म्हणाले. "नाना, सभेला राम राम करा."

मी नको म्हणेपर्यंत नानांचा हात उठला होता. छातीपाशी आला, घुटमळला आणि कानावर गेला. मागे कुणीतरी फिसकन हसलं. एका बाईने तोंड फिरवलं.

"बघा," विक्रमराव हळू म्हणाले. "मला तरी का आनंद वाटतो व्हय? हात वर करा मंडळी, अन् सभा संपवू."

"थांबा!" मी पुढे झाले. "तो दाखला माझ्या लिहिण्यावरून निघालाय, आणि मी चुकीचं लिहिलंय."

एकच गलका झाला. "मंगळवारी एक अन् आज एक? बाईला कुनी शिकवून आणलं बे?" अशा वेळी माझा आवाज चढतो. मी विचारलं, "मला एकच सांगा. नाना विळा कोणत्या हातात धरतात?"

"डाव्या!" सगळी शेड एकदम बोलली.

बिरू नावाचे एक म्हातारे धनगर पुढे बसले होते. त्यांच्या दोन म्हशी छावणीत होत्या. ते म्हणाले, "कावून इचारता बाई? समद्या गावाला ठाव हाय. कापणीच्या पातीला त्येंच्या डाव्या अंगाला कुनी बसत न्हाई, कोपर लागतं."

"आणि लिहितात?"

"उजव्यानं. त्यो बघा फळा, त्येंचंच अक्षर."

भिंतीवर दूध संकलनाचा फळा होता. तीन आठवड्यांपूर्वीचे आकडे कुणी पुसले नव्हते. मी सांगितलं, विळ्याचा कारभार मेंदूत जिथे होता तिथे घाव बसलाय, अक्षरांचा कारभार शाबूत आहे. खूण करायला सांगाल तर चुकेल, लिहायला सांगाल तर नाही. किती जणांना पटलं देव जाणे.

"लिवणं म्हंजी कुनीबी गिरवतं," विक्रमराव म्हणाले. "समजत असंल तर पावसाळ्यातल्या सभेत इहिरीचा ठराव काय झालता, त्यो लिवा म्हणावं."

प्रश्न रास्त होता. मला त्याचं उत्तर माहीत नव्हतं, आणि नानांना ते आठवेल की नाही हेही माहीत नव्हतं. मेंदूला घाव बसलेला माणूस, त्यात उन्हातला प्रवास. बिरूंनी फळा काढून खुर्चीच्या हातांवर आडवा धरला. मी खडू नानांच्या बोटांत ठेवला. पहिल्याच रेघेला तो मोडला. मी तुकडा पुन्हा बसवला.

नानांनी लिहिलं. प्रत्येक शब्दाला बिरूंच्या शेजारचा माणूस मोठ्याने वाचत होता. "इहिरीचं पाणी... आधी... जनावरांना."

नाना थांबले. मला वाटलं, दमले. मी खडू घ्यायला हात पुढे केला तर त्यांनी खडू घट्ट धरला आणि खाली आणखी एक ओळ लिहिली. वाचणारा वाचता वाचता अडखळला.

"सूचक... विक्रमराव."

तेव्हा बाग हिरवी होती, पाऊस येईल असं सगळ्यांना वाटत होतं. तो ठराव विक्रमरावांनीच मांडला होता. सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. ते फळ्याकडे पाहत राहिले, मग खाली बसले. दाखला त्यांच्या हातात चुरगळत होता.

"घ्या मतदान," बिरू म्हणाले. "किल्ली काढायची म्हनतेत त्येंनी हात वर करा."

पाच-सहा हात वर झाले. तेही अर्धे. विक्रमरावांचा हात मांडीवरच होता.

पुढचं थोडक्यात. मला मेमो मिळाला, डॉक्टरांनी झापलं, आणि नवा दाखलाही त्यांनीच दिला. नाना पाऊस पडेपर्यंत अध्यक्ष राहिले. छावणीतली गुरं जगली. विक्रमरावांची निम्मी बाग त्याच उन्हाळ्यात जळाली, आणि त्याबद्दल आजही मला वाईट वाटतं. पण दुसरा काही मार्ग होता का, ते मला सांगता येत नाही. नानांची वाचा बरीच परत आली, फणी तीन महिन्यांनी जमली. माझ्या केसपेपरवर एक प्रश्न वाढला, तो वर सांगितलाच.

एक गोष्ट मात्र राहिली. सभा संपल्यावर टँकर हौदात रिकामा होईपर्यंत नानांना कडुनिंबाखाली बसवलं होतं. गुरं पाण्यावर तुटून पडली होती आणि नाना त्यांच्याकडे बघत होते. त्यांना परत दवाखान्यात आणायला जीप येणार होती, मला ओपीडीसाठी पुढे निघायचं होतं. हनीफभाईंनी हॉर्न वाजवला.

"येते नाना," मी म्हटलं आणि वळले.

डोळ्याच्या कोपऱ्यातून काहीतरी हललेलं दिसलं म्हणून मागे पाहिलं. नानांचा उजवा हात अलगद उठला होता. छातीपाशी घुटमळला नाही, कानाकडे गेला नाही. सरळ कपाळाला लागला. काकू हरखून काहीतरी बोलणार, तोच मी त्यांना हाताने गप्प केलं. बोललो असतो तर नानांनी हाताकडे पाहिलं असतं आणि हात पुन्हा वाट चुकला असता. कुणी सांगितलं नाही म्हणूनच तो उठला होता. मी राम राम घातला आणि केबिनमध्ये चढून ढसाढसा रडले. हनीफभाईंना वाटलं, नोकरीच्या काळजीने रडते आहे.

मंगळवारीही तो हात असाच उठला होता. मी पाहिला होता, आणि केसपेपरवरचे ते तीन शब्द खोडले नव्हते.